फिंतासचं एक मत

संयुक्त अरब अमिरातीचा कारभार कसा चालतो, हे मला न अडखळता सांगता येतं. सात अमिराती, त्यांचे सात राज्यकर्ते. हे सातजण मिळून सर्वोच्च परिषद होते. तेच आपल्यातून राष्ट्राध्यक्ष निवडतात, पाच वर्षांसाठी. परिषदेत प्रत्येक अमिरातीला एकच मत असतं, पण महत्त्वाच्या विषयावर पाचजण एका बाजूला लागतात, आणि त्या पाचांत अबू धाबी आणि दुबई असावेच लागतात. या सगळ्याच्या खाली राष्ट्रीय परिषद. तिथले सभासद चर्चा करतात, प्रश्न विचारतात, सल्ला देतात. निर्णय वर होतो.

बी.ए.च्या दुसऱ्या वर्षाच्या असाइनमेंटसाठी मी हे पाठ केलं होतं. आता कुणी विचारलं तर सांगते, पण सांगताना समोरच्याकडे बघवत नाही. त्याचं कारण लिहून बघते आहे. नीट सांगता येईल की नाही, माहीत नाही.

आम्ही कुवेतमध्ये राहतो, फिंतासला. बाबा स्कॅफोल्डिंगचे फोरमन आहेत. फोरमन व्हायच्या आधी ते बरीच वर्षं महबुल्याच्या एका खोलीत बॅचलर म्हणून राहिले, म्हणजे बायकामुलं गावी ठेवून आलेल्या माणसांच्या खोलीत. इथे त्या सगळ्यांना बॅचलरच म्हणतात, मग कुणाला नातू का झालेला असेना. खोलीतले बहुतेकजण आमच्याच बाजूचे, गुहागरकडचे. पगार वाढल्यावर बाबांनी आईला आणि मला आणलं आणि आम्ही फॅमिली झालो. मी इथूनच, भारतातल्या एका मुक्त विद्यापीठातून, शिकते. आमच्या घरात कॉलेजचं पुस्तक मीच पहिल्यांदा उघडलं.

खोली सुटली तरी खोलीतली माणसं सुटली नाहीत. शुक्रवारी दुपारी एकदोघं आमच्याकडे जेवायला असायचेच. आई तांदळाच्या भाकऱ्या करायची आणि बाबा मासळी बाजारातून मिळेल ते आणायचे. त्यांच्यात सगळ्यांत वयाने मोठे बुवा. त्यांचं खरं नाव मला खूप उशिरा कळलं. ते जाखडीचे गायक. आमच्याकडे गणपतीत गोल फेर धरून, पायात चाळ बांधून नाचतात ती जाखडी, आणि मध्ये बसून जो गाणं सांगतो तो बुवा. कामावर ते गरम पाइपांना पत्र्याचं आवरण घालायचे. गाणी स्वतः रचायचे, बसमध्ये.

जेवून झालं की बुवा विचारायचे, "काय गो बाय, या आठवड्यात काय शिकलंस?"

मी सांगायची. संसद म्हणजे काय, राज्यसभा कशाला असते, संघराज्य कशाला म्हणतात. मला वाटायचं, हे माझं कौतुक म्हणून विचारतात. पण ते ऐकायचे. एकदा मी सांगितलं होतं की नेपाळमध्ये राजा होता आणि आता नाही, तर पुढच्या शुक्रवारी त्यांनी विचारलं, "मग त्या राजाचं घर कुनाकडं गेलं?" ते माझ्या पुस्तकात नव्हतं.

इथल्या मराठी मंडळाचा वर्षाचा मोठा कार्यक्रम म्हणजे गणपतीचा. एका शाळेचं सभागृह घेतात. आरती झाली की पहिली जाखडी, मग बाकीचं सगळं, ही पद्धत आम्ही यायच्या आधीपासूनची. जाखडी महबुल्याच्या खोलीची. बाबा पूर्वी तिच्यात नाचायचे. फॅमिली झाल्यावर ते पहिल्यांदा प्रेक्षकांत बसले, कडक इस्त्रीचा शर्ट घालून, आणि पूर्ण वेळ त्यांचा उजवा पाय खुर्चीखाली हलत होता.

मंडळात तेव्हा भांडणं होती. मंगफचे लोक, म्हणजे बहुतेक तेल कंपन्यांतले पुण्या-नाशिककडचे इंजिनियर, सगळं स्वतःच ठरवतात असं सालमियाचे म्हणायचे. सालमियाचे काही करत नाहीत आणि नावं ठेवतात असं मंगफचे म्हणायचे. रुमैथियाची दोनचार घरं कोणत्याच बाजूला जायची नाहीत आणि दोन्हीकडून बोलणी खायची. सर्वसाधारण सभेत सगळे हात वर करायचे, त्यात बॅचलर लोक संख्येने जास्त, त्यामुळे त्यांचा हात जिकडे जाईल तिकडे ठराव जायचा. त्या वर्षी कार्यक्रम शनिवारी घ्यावा असं बऱ्याच कुटुंबांचं मत होतं, कारण इंजिनियरांना शनिवारीही सुट्टी. बॅचलरांना सुट्टी फक्त शुक्रवारी. हात वर झाले आणि शुक्रवारच राहिला. हे काहीजणांना फार लागलं होतं, हे मला तेव्हा माहीत नव्हतं.

मंडळाचे अध्यक्ष मंगफला राहतात. माझं इंग्रजी कच्चं, म्हणून ते माझ्या असाइनमेंट तपासून द्यायचे, एक पैसा न घेता, चहा पाजून. मी त्यांना सर म्हणते. ते चांगलेच आहेत. हे मला इथे लिहायलाच हवं, कारण नाहीतर गोष्ट सोपी होईल.

सरांनीच सुचवलं की कार्यकारिणीच्या बैठकीत मुलांनी एखादा विषय मांडावा, सभाधीटपणा येतो. मी अमिरातीचा विषय घेतला. पांढऱ्या चार्ट पेपरवर आकृती काढली. वर सात चौकोन, त्यातले दोन जाड रेघेचे. मधून खाली येणारे बाण. खाली एक लांबट आयत, राष्ट्रीय परिषद. रंग मी वॉटरकलरने दिले होते आणि वरच्या चौकोनांना सोनेरी स्केचपेनने कडा. बाबांनी आकृती गाडीत मागच्या सीटवर आडवी ठेवली आणि सुरकुती पडू नये म्हणून आईला पुढे बसवलं.

सरांच्या हॉलमध्ये सोफ्यांवर पुरुष, जेवणाच्या टेबलाभोवती बायका. मी बोलले. अडखळले नाही. संपल्यावर सगळे आकृतीकडेच बघत राहिले, आणि मला वाटलं, चुकलं काहीतरी.

मग सर म्हणाले, "अरे, हे तर आपलंच चित्र आहे. सात अमिराती. आपले एरिया किती?"

कुणीतरी बोटांवर मोजलं. मंगफ, फहाहील, महबुला, फिंतास, सालमिया, रुमैथिया, अब्बासिया.

"सात," सर म्हणाले, आणि सगळे हसले.

"मग अबू धाबी कोण?" सालमियाच्या एका काकांनी विचारलं.

"मंगफ. आणि दुबई तुम्ही. झालं समाधान?"

"दुबई असेल तर आम्ही तयार आहोत."

"फिंतासला काय मिळालं?" एक काकू टेबलावरून म्हणाल्या.

"फुजैरा. समुद्र आहे, तिथल्यासारखे डोंगर नाहीत, पण चालवून घ्या." सर बाबांकडे वळले. "काय, फुजैराचे अमीर?"

सगळ्यांत मोठ्याने बाबा हसले. त्यांना त्या हॉलमध्ये कुणी आजवर थेट काही विचारलं नव्हतं.

हसणं थांबल्यावर त्याच काकूंनी विचारलं, "आणि बॅचलर लोकांचं काय? ते तर सगळीकडे पसरलेत, आणि कंपनी आज इथे ठेवते, उद्या तिथे."

सर उठले, माझ्या आकृतीजवळ आले आणि खालच्या लांबट आयतावर बोट ठेवलं. "हे आहे ना. सल्लागार. चर्चा करतील, सूचना देतील. मान राहतो आणि गोंधळ होत नाही. बरोबर ना बाळा?"

मी म्हटलं, "हो सर. पण त्यातले निम्मे लोक तिथे निवडून..."

"ते बारकावे नंतर बघू."

खरं सांगायचं तर मला फार छान वाटत होतं. माझं काहीतरी उपयोगी पडत होतं. बैठकीत तिथल्या तिथे ठरलं. प्रत्येक एरियातून एक कुटुंबप्रमुख, मिळून परिषद. मोठ्या निर्णयाला पाच मतं, त्यात मंगफ आणि सालमिया हवेच. फिंतासमध्ये मराठी घरं मोजकीच, त्यामुळे फिंतासतर्फे बाबा.

हे खोलीत कोणी सांगायचं, असा प्रश्न आला तेव्हा बाबा आपणहून म्हणाले, "मी सांगतो ना साहेब. माझीच माणसं आहेत."

पुढच्या शुक्रवारी ते मला घेऊन महबुल्याला गेले. माझ्या हातात आईने दिलेला डबा, त्यांच्या हातात गुंडाळलेली आकृती. खोलीत दुमजली खाटा, मध्ये जेमतेम उभं राहण्याएवढी जागा. बाबांनी आकृती एका वरच्या खाटेच्या दांडीला कपड्यांच्या चिमट्यांनी लावली आणि सांगायला लागले. माझेच शब्द. मी जिथे थांबले होते तिथेच थांबत होते. ते एवढं लक्षपूर्वक ऐकत होते, हे मला त्या दिवशी कळलं.

"म्हंजे तू आता अमीर झालास," कोपऱ्यातून एकजण म्हणाला.

"हळू बोल रे. तो शब्द इथे मस्करीत नको, इथल्या राजालाच अमीर म्हणतात," बाबा म्हणाले.

"आनि आमी कोन? रयत?"

"सल्लागार," बाबा म्हणाले.

"सल्ला द्यायचा कुनाला?"

"आम्हाला."

"तो तर तू खोलीत व्हतास तेव्हा रोजच दिला. दुपारी इस्त्री बंद कर म्हनून सांगितलं, केलीस?"

खोली हसली. बुवा खालच्या खाटेवर बसून आकृतीकडे बघत होते. त्यांनी खालच्या आयताकडे मान करून विचारलं, "यातून वर जायला वाट हाय काय? बाण तर सगळे खालीच येतायत."

बाबांनी माझ्याकडे पाहिलं. मी म्हटलं, "सूचना वर जातात, बुवा. ते काढायचं राहिलं."

"बरं. म्हंजे वाट हाय, फक्त रंगवायची राहिली." ते हसले. "बाय, हे तू केलंस ना? मग ठीकच असंल."

तेवढ्यावर विषय संपला. कुणी रागावलं नाही, वाद घातला नाही. त्यांनी मान्य केलं ते मी काढलं होतं म्हणून. डब्यातली मासळी वाटून घेताना एकाने आकृतीला हात लागू नये म्हणून ती दांडीवर आणखी वर सरकवली. मला त्या खोलीतून लवकर बाहेर पडावंसं वाटत होतं आणि तसं वाटल्याचीच लाज वाटत होती.

बुवांचं ते कुवेतमधलं शेवटचं वर्ष होतं. वय झाल्यामुळे कंपनी त्यांचा इकामा, म्हणजे राहण्याचा परवाना, पुढे वाढवणार नव्हती. गणपती झाले की ते कायमचे गावी जाणार होते. म्हणून त्यांनी नवीन गाणं रचलं होतं, कुवेतवरचं. महबुल्याची खोली, बस, मंगफचे साहेब, बकाला म्हणतात त्या किराणा दुकानातला मल्याळी, सगळे त्यात होते. आमच्याकडे जेवल्यावर त्यांनी त्यातल्या दोन ओळी म्हणून दाखवल्या होत्या:

समुद्र हाय जवळ, पन खिडकी भिंतीकडं,
दीस आमचा उगवतो बसच्या दिव्याकडं.

आई हसली आणि लगेच तिने डोळ्यांना पदर लावला. बुवा म्हणाले, "रडतेस काय वहिनी, पुढं इनोदी हाय. ते स्टेजवरच. सगळ्या साहेबांसमोर म्हननार, मगच विमानात बसनार." त्यांना एवढंच हवं होतं. इतकी वर्षं इथे काढली, जाताना एकदा सगळ्यांसमोर सांगून जायचं.

परिषदेने कार्यक्रमाचा क्रम लावला तेव्हा जाखडी शेवटी गेली. "शेवट दणक्यात व्हायला हवा," असं कारण बाबा घरी सांगत होते. सल्लागारांनी सूचना केली की बसची वेळ ठरलेली असते, दुसऱ्या दिवशी पहाटे ड्युटी असते, तर जाखडी नेहमीसारखी पहिलीच असावी. परिषदेने सूचनेची आदरपूर्वक नोंद घेतली. हे शब्दही बाबांनी घरी तसेच म्हणून दाखवले. मी विचारलं, "मग बदललं का?" ते म्हणाले, "नोंद घेतली म्हटलं ना."

कार्यक्रमाच्या दिवशी मी पडद्याआड पाणी देणं, मुलांना रांगेत उभं करणं अशी कामं करत होते. आरती झाली. मग भाषणं. परिषद नवीन, त्यामुळे सातही एरियांच्या प्रतिनिधींनी थोडं थोडं बोलायचं ठरलं होतं, आणि थोडं थोडं म्हणता म्हणता संध्याकाळ सरली. बाबाही बोलले. आभार मानताना त्यांनी माझं नाव घेतलं, आणि लोकांनी टाळ्या वाजवल्या. मी पडद्याआड पाण्याचे ग्लास भरत राहिले.

मध्यावर महबुल्याच्या खोलीतला एकजण धावत आला. बस गेटवर लागली होती आणि ड्रायव्हर थांबायला तयार नव्हता. मुलांचे डान्स अजून बाकी होते, मंगफचा ग्रुप आणि सालमियाचा ग्रुप. प्रश्न एवढाच होता, जाखडी आत्ता मध्ये घ्यायची की नाही.

परिषद स्टेजच्या बाजूच्या पायऱ्यांवर जमली. मी जवळच उभी होते, ट्रे घेऊन.

सर म्हणाले, "मुलं मेकअप करून केव्हाची बसलीत. रडकुंडीला आलीत. पण ठरलंय तसं मत घेऊ. जाखडी आत्ता घ्यावी असं कुणाला वाटतं?"

महबुल्याच्या काकांनी हात वर केला. अब्बासियाच्या आणि फहाहीलच्याही. रुमैथियाचे फोनवर बोलत होते. सालमियाच्या काकांनी घड्याळ पाहिलं. बाबांचा हात वर निघाला. मी पाहिलं, तो छातीपर्यंत आला, आणि तिथे खिशातलं पेन सरळ करून खाली गेला.

"फिंतास?" सरांनी विचारलं.

बाबा म्हणाले, "साहेब, तुम्ही म्हणाल तसं."

खरं तर बाबांनी हात वर केला असता तरी पाच झाले नसते. आणि रुमैथियाचा हात मिळून पाच झाले असते तरी मंगफ आणि सालमियाशिवाय काही झालं नसतं. मला ते तिथे उभ्या उभ्या कळत होतं. जाड रेघेचे दोन चौकोन मीच काढले होते.

सर माझ्याजवळ आले. त्यांचा चेहरा खरंच ओशाळलेला होता. "बाळा, तूच सांग त्यांना. तुझं ऐकतात."

मेकअपसाठी दिलेला वर्ग कॉरिडॉरच्या टोकाला होता, लहान मुलांचा, छोट्या बाकांचा. दोन बाक जोडून त्यावर मृदुंग ठेवला होता. सगळे तयार होते, रंगीत पट्टे बांधून, पायात चाळ चढवून. बुवा पहिलीतल्या मुलाच्या बाकावर गुडघे वर करून बसले होते. या वेळी शेवटचं म्हणून ते गाणार होते आणि शेवटच्या फेरीत नाचणारही होते, म्हणून त्यांच्याही उजव्या पायात चाळ होती.

मी दारात उभी राहिले. म्हटलं, "बुवा, बस आली आहे."

"आली म्हनून ऐकलं. मग, घेतायत आमाला आता?"

"मुलांचे डान्स राहिलेत."

मृदुंगवाल्याने मृदुंगावरचा हात उचलला.

"बरं," बुवा म्हणाले. "पोरांचं होऊ दे. पोरं दमतात." मग थोडं थांबून त्यांनी विचारलं, "तुझ्या बापानं हात वर केलान?"

मला हो म्हणता आलं असतं. नाहीही म्हणता आलं असतं. मी खाली बघत राहिले.

"बरं, बरं," ते घाईने म्हणाले, जणू त्यांनीच काहीतरी चुकीचं विचारलं होतं. "ही गाठ सोड गो जरा. या बाकावर माझा हात पुरत नाय."

मी खाली बसून गाठ सोडायला लागले. घट्ट बसली होती. मी ओढलं की घुंगरू वाजायचे, आणि त्या गप्प वर्गात तो आवाज फार मोठा वाटत होता. सभागृहातून मुलांच्या डान्सचं गाणं सुरू झालेलं ऐकू येत होतं. एकजण म्हणाला, "सल्लागारांची सभा संपली. चला." त्याला कुणीतरी गप्प केलं.

चाळ निघाल्यावर बुवांनी ती माझ्याच हातात ठेवली. "ही तुझ्या बापाची. खोली सोडताना मला दिल्यान. मी आता चाललोच. घरी ठेव."

ते बसकडे गेले. मी सभागृहात परत आले, तेव्हा पावलागणिक चाळ वाजत होती आणि मागच्या रांगेतले लोक वळून बघायला लागले. मी ती ओढणीत गुंडाळून पोटाशी दाबून धरली आणि मुलांचे डान्स संपेपर्यंत तशीच उभी राहिले.

घरी जाताना गाडीत फहाहीलचा सिग्नल ओलांडल्यावर बाबा म्हणाले, "माझ्या एका हाताने काय झालं असतं? तूच सांग. तुझ्या आकृतीत काय लिहिलंय?"

मी म्हटलं, "काही झालं नसतं."

"मग?"

आई मागून म्हणाली, "मग काही नाही. गाडी चालवा."

बाबा वाईट माणूस नाहीत. ते घाबरले होते, एवढंच. साहेबांसमोर एकटा हात वर ठेवायची त्यांना सवय नव्हती, आणि तो खाली घ्यायला मी त्यांना एक चांगलं, शिकलेलं कारण दिलं होतं. ते कारण तिथे सगळ्यांनाच मिळालं. सरांना वाटलं, ठरल्याप्रमाणे झालं. सालमियाच्या काकांना वाटलं, मतदान झालं. कुणालाच अपमान करावा लागला नाही. पूर्वी असं काही झालं असतं तर कुणीतरी कुणाला तरी तोंडावर नाही म्हणालं असतं, आणि मग भांडण तरी झालं असतं.

बुवा गावी निघाले त्या दिवशी बाबांची ड्युटी होती. मी आणि आई विमानतळावर जाऊ शकलो असतो. आईने विचारलं, मी अभ्यासाचं सांगितलं. अभ्यास होताच. पेपरमध्ये प्रश्न आला, संयुक्त अरब अमिरातीची शासनरचना स्पष्ट करा. मी सगळं लिहिलं, आकृतीसकट. या वेळी खालच्या आयतापासून वर जाणारा बाणही काढला. गुण चांगले मिळाले. सरांनी पेढे आणले.

मंडळाचा कारभार अजून तसाच आहे. नवीन कुटुंबं आली की मला सांगायला बोलावतात, मी काहीतरी कारण काढते. एकदा मी सरांना म्हटलं, "सर, मी फक्त ते कसं आहे ते सांगितलं होतं. तसं असावं असं म्हटलं नव्हतं." ते हसून म्हणाले, "चाललंय ना छान? कुठे भांडण दिसतंय?" भांडण खरंच कुठे दिसत नव्हतं.

मग या वर्षी गणपतीत बुवांचा व्हिडिओ कॉल आला. संध्याकाळची वेळ, आई स्वयंपाकघरात होती, बाबा नुकतेच ड्युटीवरून येऊन खुर्चीत बसले होते. त्यांनी फोन उचलला आणि माझ्याकडे दिला. पडद्यावर आधी कुणाची तरी कोपरं, मग ट्यूबलाइट, मग बुवा. मागे त्यांच्या अंगणात माणसं बसली होती, जाखडी सुरू व्हायची होती.

"काय गो बाय, पेपर कसा गेला तुझा?"

"चांगला गेला, बुवा. पास झाले."

"पास झाली," त्यांनी मागे वळून सगळ्यांना सांगितलं. "हीच ती. आमच्या कुवेतच्या मंडळाचा कायदा हिने केलान. एवढीशी पोर, मोठमोठे इंजनेर हिचं ऐकतात." आणि फोन माणसांकडे फिरवला. अंगणातली म्हातारी माणसं पडद्यात वाकून माझ्याकडे कौतुकाने बघायला लागली. "सांग गो त्यांना, सात अमीर कसे असतात ते. मला सांगता येत नाय नीट."

मी नको म्हणत होते. पण ते सगळे वाट बघत होते. मी सांगितलं. सात राज्यकर्ते, त्यांची परिषद, पाच मतं, दोन मोठे. खालची राष्ट्रीय परिषद. न अडखळता.

एका बाईंनी विचारलं, "मग ते खालचे जे बोलतात, ते वरचे ऐकतात काय?"

मी वर पाहिलं. बाबा समोर बसले होते. ते ऐकत होते, बूट काढता काढता थांबले होते.

फोन परत बुवांकडे फिरला. "ऐकतात तर," ते त्या बाईंना म्हणाले. "मी सल्लागार व्हतो ना. आमी बोलायचा, नि ते ऐकायचे. फार मान देत." आणि मग माझ्याकडे बघून, "व्हय ना गो बाय?"

"हो, बुवा," मी म्हटलं.

"बस तर मग. आता ऐक. तेव्हा राहिलं ते."

त्यांनी फोन कुठेतरी टेकवून ठेवला, तो वाकडाच राहिला, त्यामुळे आम्हाला फक्त पाय दिसत होते, गोल फिरणारे, चाळ बांधलेले. मृदुंग सुरू झाला. मग बुवांचा आवाज. महबुल्याची खोली, भिंतीकडची खिडकी, बस. अंगणातल्या कुणालाच महबुला कुठे आहे ते माहीत नसणार. पुढे विनोदी होतं तिथे ते हसत होते.

आई पीठ लागलेले हात तसेच घेऊन दारात येऊन उभी राहिली. मंगफच्या साहेबांची ओळ आली. तिच्यात राग नव्हता. त्यांना सुखी ठेव, असं गणपतीला मागितलं होतं. मी फोन टेबलावर बाटलीला टेकवून उभा केला. बाबा एक बूट हातात धरून बसले होते. ते पडद्याकडे बघत नव्हते, आणि त्यांचे दोन्ही पाय जमिनीवर अगदी स्थिर होते.